चौदावं पान

आमच्या गल्लीत दार वाजलं की
आतून कुणी विचारतं ‘कोण?’, कुणी ‘यार्री?’
बाहेरचा मात्र सगळीकडे एकच सांगतो: ‘मी.’
तेवढ्यावर कडी निघते.
खानापुरात आवाजाला आधार कार्ड लागत नाही.

मशीनला ‘मी’ पुरत नाही.
आणि ते विसरतं. पान उलटलं की विसरतं,
रामनगरच्या गाडीतला कंडक्टर जसा
आपणच फाडून दिलेलं तिकीट
पुढच्या स्टॉपवर पुन्हा मागतो,
तुमच्याकडेच बघत.

म्हणून सेशन.
स्टेशन रोडवरच्या पतसंस्थेचं काम मिळालं तेव्हा
चेअरमन पाटणेकरांना मी सांगितलं,
जत्रेत चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसं.
चपला आमच्याकडे, बिल्ला तुमच्याकडे.
बिल्ल्यावर नाव नाही, नुसता आकडा.
‘आणि हरवला तर?’
तर अनवाणी, म्हटलं, घरापर्यंत.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर चार ओळी.
सगळ्यात आधी. त्यांच्याआधी
एक रिकामी जागा जरी सांडली
तरी दारवान बिथरतो.
तेरा पानांवर घातल्या.
चौदावं केलं त्या दिवशी वीज चार वेळा गेली,
आणि तसंही ते मेनूत नव्हतं.
वाटच नाही तिथं कोण येणार, असं मी म्हटलं.
जंगलाच्या कडेला जन्म काढून म्हटलं.

वारस नोंद.
खातं, नाव, वारसाचं नाव, नातं.
नात्याच्या चौकोनातले पर्याय माझेच:
पत्नी, पती, मुलगा, मुलगी, इतर.

लुमाण्णा गुरव, रिटायर फॉरेस्ट गार्ड,
खातं चारशे सतरा.
वारस: इसाबेल सोज.
नातं: इतर.

पुण्यातल्या मुलानं एका रात्री
सहज म्हणून बापाचं नाव शोधलं.

दुसऱ्या दिवशी सोजबाईंच्या बेकरीत
पाव उरले.
तिसऱ्या दिवशीही.

चार ओळी घालायला मला एक मिनिटही लागलं नाही.
मग मीच अनोळखी होऊन ते पान मागितलं.
त्यानं मला दाराशी आणून सोडलं, बरोब्बर.
इतकं बरोबर, की जेवण गेलं नाही.

सोमवारी लुमाण्णामामा आले.
छत्री कोपऱ्यात उभी केली,
आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले,
‘काय करूलालीस गे बाई?
कुलूप कसं लावतात ते दाखव की मला.’

खुर्ची दिली.
एका बोटानं, अक्षर हुडकत, ओठ हलवत
त्यांनी पासवर्ड घातला.
मी खिडकीबाहेर मालगाडीचे डबे मोजले.
एक्केचाळीस.

चौदावं पान उघडलं.
त्यांनी ते वाचलं नाही, नुसतं बघत बसले,
फोटो बघावा तसे.
मुलगा बदलाचा अर्ज देऊन गेला होता,
सहीची जागा रिकामी. टेबलावरच होता.
चहा आला तेव्हा आम्ही दोघांनीही
कप त्याच्यावरच ठेवले.

वीस मिनिटं माऊस हलला नाही.
पान गेलं. वर अक्षरं आली:
‘आपली वेळ संपली आहे.’

‘कुणाची?’ मामा म्हणाले.
हसले असावेत. मला नीट दिसलं नाही.

ते वाक्य मी त्याच दुपारी बदललं.
आता तिथं येतं, ‘बराच वेळ गप्प होता. पुन्हा आत या.’
पाटणेकर म्हणाले, हे काय भलतंच. मग म्हणाले, असू दे.
‘इतर’ही बदलावं म्हणून दोन्ही भाषांत शब्द शोधला.
त्या एवढ्याशा चौकोनात मावेल असा
सापडला नाही अजून.

संध्याकाळी बेकरीचं फळकूट लावलेलं होतं,
आत दिवा. मी वाजवलं.
‘कोण?’
‘मी,’ म्हटलं.

कडी लगेच निघाली नाही.